खांबाचं इरलं

भेकरवाडीच्या डोक्यावरून वीज जात होती, हे वाडीला चांगलं माहीत होतं. खोपोलीच्या वीजघरातून निघालेल्या तारा मोठमोठ्या मनोऱ्यांवर चढून, कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवरून, वाडीच्या पंचवीस घरांवरून मुंबईकडे जात. पावसाळ्यात त्या गुणगुणत. वाडीतल्या बायका तारांखाली गवत कापत आणि दिवस मावळला की घरी येऊन रॉकेलची चिमणी लावत. एकदा मतं मागायला आलेल्या एका माणसाला वाडीतल्या धाऊने विचारलं होतं, की यातली थोडी वीज खाली का उतरत नाही. तो म्हणाला, ही फार मोठी वीज आहे, तुमच्या दिव्याला झेपणार नाही. धाऊला ते पटलं. मोठ्या माणसांचंही तसंच असतं, एवढंच तो म्हणाला.

त्यामुळे १९८४ च्या ऑक्टोबरात सरकारी माणसं वाडीवरच्या भेकरमाळावर लोखंडी खांब उभा करायला आली, तेव्हा वाडीने फार काही विचारलं नाही. वाडीतल्या आठ ठाकर गड्यांनी तो तीस फुटी खांब खांद्यावर घेऊन चढवला. खड्डा झाला, खांब उभा राहिला, चार बाजूंनी तारेचे ताण बसले. खांबाच्या टोकावर तीन वाट्या फिरू लागल्या आणि खांबाच्या पायाशी काचेच्या डब्यात आकडे सरकू लागले.

मुंबईहून आलेल्या इंजिनीअर साहेबांनी हे सगळं कमळाकरला समजावून सांगितलं. वाट्या वाऱ्याने फिरतात. माळावरून किती किलोमीटर वारा गेला ते डब्यात दिसतं. वर्षभर मोजायचं. सरासरी ताशी अठरा किलोमीटर भरली, तर माळावर पवनचक्क्या येतील. त्यांची वीज खाली नेऊन खोपोलीच्या मोठ्या तारांना जोडायची, म्हणजे ती सगळ्या देशाच्या विजेत जाऊन मिसळेल. खाली नेणारे खांब भेकरवाडीतूनच जायला हवेत, दुसरी वाट नाही. तेव्हा वाडीलाही लाईट मिळेल. साहेबांचे बूट भारी होते, त्यामुळे ते खाली बघत बघतच बोलत होते. तरी अर्धा तास बोलले.

हा कमळाकर कडावच्या बौद्धवाड्यातला. अकरावी मॅट्रिक झालेला, सत्तावीस वर्षांचा, आणि घरातला पहिला सरकारी माणूस, तात्पुरता का होईना. दर सोमवारी माळावर चढायचं, डब्यातला आकडा वहीत लिहायचा, महिन्याला कागद मुंबईला पाठवायचा, ही त्याची नोकरी. त्याची आई विठाबाई भेटेल त्याला सांगे, की माझा मुलगा वारा मोजतो. मग कडावच्या हॉटेलात लोक कमळाकरला विचारत, काय रं, आज किती वारा दिला? तो हसत नसे. सरकारी कामाला हसायचं नसतं असं त्याला वाटे.

साहेबांनी अर्ध्या तासात सांगितलेलं कमळाकरने खाली वाडीत येऊन अर्ध्या मिनिटात सांगितलं. राखणीसाठी त्याने धाऊला निवडलं. धाऊ साठीचा, कड्यावरची मधाची पोळी काढणारा, आणि त्याचं घर माळाच्या वाटेवर शेवटचं.

"धाऊ, हा खांब सरकारी आहे," कमळाकर म्हणाला. "हा वर्षभर नीट राहिला तर वाडीला लाईट येणार. याला काही झालं तर काही येणार नाही."

"ह्यो करतो काय, सायेब?" धाऊने विचारलं.

"तुला काय करायचंय समजून? तू फक्त जप."

धाऊने मान हलवली. जपणं त्याला येत होतं.

थंडी गेली, उन्हाळा गेला. कमळाकर सोमवार चुकवत नसे. माळावर वारा असे, पण बेताचा. सरासरी ताशी दहाच्या आसपास रेंगाळत होती. कमळाकरला त्याची काळजी नव्हती. साहेब म्हणालेच होते, खरा वारा पावसाळ्यात. चार महिन्यांत तो एवढा येतो की वर्षाची भरपाई करतो. अडचण एकच होती. वाडी आणि डांबरी सडक यांच्यामध्ये एक ओढा आहे आणि पावसाळ्यात तो माणसाला पलीकडे जाऊ देत नाही. म्हणजे वाडीच्या माणसांना देतो. कडावच्या माणसाला देत नाही. तेव्हा जूनच्या पहिल्या सोमवारी कमळाकरने धाऊच्या सुनेला, जनाला बोलावलं. जनाला लिहिता येत नव्हतं, पण लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढावा तर तिनेच, असा तिचा हात होता.

"डब्यात जसं दिसेल तसं दर सोमवारी भिंतीवर काढून ठेव," तो म्हणाला. "मी गणपतीच्या आधी येईन, उतरवून घेईन." आणि जाता जाता धाऊला म्हणाला, "आता चार महिने तुझ्यावर. डोळ्यात तेल घालून जप."

धाऊने जपलं.

सप्टेंबरात ओढा उतरल्यावर कमळाकर आला. वाट चढून माळाच्या कडेला पोचला आणि थांबला. धुक्यात त्याला वाटलं, खांबावर कुणीतरी चढून बसलंय. जवळ गेल्यावर दिसलं, माणूस नव्हता. खांबाच्या टोकाला इरलं होतं. लावणीच्या वेळी पावसापासून पाठ झाकायला बायका घेतात तसंच, बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं, फक्त गोल टोपलीसारखं विणलेलं आणि वाट्यांवर पालथं घातलेलं. खाली घायपाताच्या दोरीने इतकं गच्च बांधलेलं, की वाट्याच काय, मुंगीही हलली नसती.

धाऊ मागून आला. त्याला आनंद झाला होता.

"हे काय आहे?" कमळाकरने विचारलं.

"इरलं."

"खांबाला?"

"मंग? चार महिन्यांचा पाऊस. पावसाआधी आगोटीला घराला पेंढ्याची झड बांधली, लाकडं झाकली, कोंबड्यांचा झाप झाकला. हे सरकारी, हे उघडं कसं टाकायचं? चार दिवस मोडून इनलं, सायेब. दुहेरी पान हाय. एक थेंब आत गेला नाय. वारा तर लांबच."

कमळाकर डब्याशी बसला. डब्यात ५८९१४ होते. जूनच्या पहिल्या सोमवारी त्याने स्वतः वहीत लिहिलेला आकडा थोडा कमी होता. म्हणजे त्यानंतर चार-पाच दिवसांतच धाऊ खांबावर चढला असणार. त्या खांबावर चढायला शिडी नव्हती. कड्यावर चढणाऱ्याला ती लागत नाही, हे आधी कमळाकरच्या लक्षात आलं नव्हतं.

मग ते धाऊच्या घरी गेले. आतल्या सारवलेल्या भिंतीवर, छतापासून खाली, एकाखाली एक, पांढऱ्या पिठात ५८९१४ हा आकडा चौदा वेळा काढला होता. प्रत्येक आकड्याभोवती जनाने बारीक वेल काढली होती. इतके सुंदर आकडे सरकारी कागदावर कमळाकरने कधी पाहिले नव्हते.

"आधी ते फिरायचे," जना म्हणाली. "इरलं घातल्यावर थांबले. मी म्हनलं मामांना, थांबलेत. मामा म्हनले, निवांत हायेत."

"एक पन आकडा हलू दिला नाय," धाऊ म्हणाला.

कमळाकरला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण ओरडायचं तर कुठल्या शब्दावर ओरडायचं ते सापडेना. जप म्हणाला होता, जपलं. डोळ्यात तेल घालून म्हणाला होता, घातलं. आणि तेवढ्यात त्याला कडावच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर आठवले. पृथ्वी कलती असते म्हणून ऋतू होतात, असं त्यांनी शिकवलं तेव्हा मागच्या कोपऱ्यातून कमळाकरने विचारलं होतं, की कलती का असते? मास्तर म्हणाले होते, तुला काय करायचंय समजून, तू पाठ कर. पुढच्या बाकावरच्याला त्यांनी हेच उत्तर दिलं नसतं, हे कमळाकरला तेव्हाही कळलं होतं. ते वाक्य पंधरा वर्षं त्याच्या छातीत रुतून बसलं होतं. आणि गेल्या ऑक्टोबरात त्याने ते, एक अक्षर न बदलता, धाऊला दिलं होतं. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला आधी कधी वाटली नव्हती, म्हणून ती लाज आहे हे ओळखायलाही थोडा वेळ लागला.

तरी तो तिथेच वही उघडून बसला. आकडे आपणच घालावेत असा विचार त्याने केला, नाही असं नाही. वारा तर आला होताच. जना सगळं सांगू शकत होती. लावणीच्या तिसऱ्या दिवशी पुतळाबाईचं छप्पर उडालं आणि तिच्याच शेतात पडलं. नागपंचमीला गुरं वाकून चालत होती. त्यानंतरचे आठ दिवस तर कावळे उडालेच नाहीत, पायी फिरले. कमळाकरने पेन्सिलीने छपराला ताशी साठ लिहिले. मग पंचावन्न केले. कावळ्यांना चाळीस द्यावेत की पंचेचाळीस, यावर तो बराच वेळ अडला. खोटं लिहायची त्याची तयारी होती. पण किती खोटं लिहायचं ते ठरेना. शेवटी सगळं खोडून त्याने चौदा ओळींत ५८९१४ लिहिलं आणि खाली कारण लिहिलं: यंत्र पावसाळाभर झाकलेले होते, जपण्याची सूचना माझी होती, चूक माझी आहे. हे लिहिताना त्याला आपण कुणावर उपकार करतोय असं वाटलं नाही. ते खरंच होतं.

पंधरा दिवसांनी इंजिनीअर साहेब आले. इरलं तोपर्यंत काढलेलं होतं.

"तुम्ही झाकायला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"जपायला सांगितलं, साहेब. कशासाठी ते सांगितलं नाही."

"सांगून त्यांना काय कळणार होतं?"

कमळाकरने वही पिशवीत घातली. उत्तर त्याच्याकडे होतं. नोकरी तात्पुरती होती.

साहेबांनी खांबाकडे पाहिलं. खांब काढून न्यायचा तर ट्रक मागवावा लागणार, ट्रकसाठी मंजुरी लागणार, आणि मंजुरी देणारे साहेब रजेवर होते. तेव्हा अजून एक वर्ष मोजून पाहावं, असं ठरलं. विज्ञानाची प्रगती अशीही होते. फक्त या वेळी साहेबांनी एक पाटी पाठवली: 'या यंत्रास कोणीही हात लावू नये.' वाडीत वाचता येणारं कुणी नव्हतं, म्हणून कमळाकरने ती खांबाला बांधून मोठ्याने वाचून दाखवली.

डिसेंबरात भात झोडून झालं. एका सोमवारी कमळाकर उतरताना वाटेवरच्या खळ्यावर थांबला. धाऊ तिवईवर उभा राहून सुपातून भात वारवत होता. दाणे सरळ खाली पडत, कोंडा बाजूला उडे. कमळाकरने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "धाऊबाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

'तुम्ही' म्हटलेलं ऐकून धाऊ तिवईवरून उतरला. काहीतरी वाईट घडलं असणार असं त्याला वाटलं.

कमळाकरने सगळं सांगितलं. वाट्या, डबा, किलोमीटर, सरासरी, पवनचक्क्या, खाली येणारे खांब. जना आली, पुतळाबाई आली, खळ्यावर पंधरावीस माणसं जमली. साहेबांनी अर्धा तास घेतला होता. कमळाकरने तासभर घेतला, कारण मध्ये मध्ये लोक विचारत होते आणि त्याला उत्तरं द्यावी लागत होती. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यालाही माहीत नव्हती.

"म्हंजे ह्यो वारा मोजतो," धाऊ शेवटी म्हणाला.

"हो."

"मंग तसं बोलायचं ना, सायेब. आमी झाकला नसता. वारा मोजायच्या चीजेला कोन इरलं घालंल?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. धाऊने सूप खाली ठेवलं आणि माळाच्या दिशेने बघत राहिला.

"मोजायचा तर उघडा रायला पायजे," तो म्हणाला. "पन उघडा रायला तर पडनार."

"का?"

"पावसाळी वारा समोरून येत नाय. दरीतून वर चढतो, खालून उचलतो. दरीच्या अंगाच्या ताणांचे दोन खुंटे तुमच्या मान्सांनी मातीत ठोकलेत. पाऊस प्याली का ती माती लोन्यावानी होते. तिकडं अजून दोन ताण पायजेत, कातळाला धरून. आमी देतो बांधून. एका दिसाचं काम."

कमळाकरच्या डोळ्यापुढे पाटी आली. "हात लावायचा नाही असं लेखी आहे, धाऊबाबा."

"मंग तुमी लिवा त्यांना."

"लिहितो."

आणि त्याने लिहिलं. त्याच रात्री जेवणाआधी, कडावच्या घरी बल्बखाली बसून, चांगल्या अक्षरात. 'भेकरवाडीचे रहिवासी श्री. धाऊ यांच्या मते दरीच्या बाजूस दोन जादा ताण देणे आवश्यक आहे.' मग त्याने ते वाचून पाहिलं. आपण नुकतेच एका चुकीतून वाचलोय. आता पुन्हा त्याच वाडीचं ऐकून यंत्राला हात लावायची परवानगी मागायची. साहेब म्हणतील, याला आवरा. उद्या टाकू पेटीत, असं म्हणून त्याने कागद वहीच्या पुठ्ठ्यात सरकवला. जानेवारीत तो तिथेच होता. शिमग्यालाही होता. दर सोमवारी धाऊ विचारी, आलं का उत्तर? कमळाकर म्हणे, अजून नाही. यात एक शब्दही खोटा नव्हता. तो भ्याला होता, दुसरं काही कारण नाही.

१९८६ च्या जूनमध्ये आगोटीच्या सगळ्या कामांतून वाडीने एकच काम वगळलं. खांब उघडा राहिला. जना रोज सकाळी माळावर जाऊन आकडा बघून येऊ लागली. सोमवारची वाट बघवेना, असं तिचं म्हणणं. मृगाचा वारा सुरू झाला आणि डब्यातले आकडे असे पळू लागले, की शेवटचा आकडा तिला काढताच येईना. तो थांबतच नव्हता. तिने त्या जागी एक ठिपका काढायला सुरुवात केली.

दहाव्या दिवशी भेकरवाडीचा जैतू मीठ-मिरची घ्यायला कडावला आला आणि कमळाकरच्या दारात भिजत उभा राहिला.

"धाऊबाबानं सांगितलंय, खांब निजला."

कमळाकर तसाच निघाला. ओढा भरून वाहत होता. गेल्या वर्षी ज्या ओढ्यासाठी त्याने चार महिने घरी काढले, तो या वेळी त्याने जैतूच्या कमरेला दोर बांधून, नाकातोंडात पाणी जात असताना ओलांडला. पलीकडे गेल्यावर त्याला वाटलं, एवढं सोपं होतं तर.

माळावर उभं राहवत नव्हतं. खांब दरीकडे पाठ करून आडवा पडला होता. दरीच्या अंगाचे दोन्ही खुंटे ओल्या मातीतून मुळा उपटावा तसे सबंध बाहेर आले होते. बाकीचे दोन जागेवर होते. पाटीही खांबाला शाबूत होती. डब्याची काच फुटून आत पाणी शिरलं होतं.

धाऊ तिथेच होता. मी सांगितलं होतं, असं तो म्हणेल म्हणून कमळाकर वाट बघत राहिला. म्हणाला असता तर बरं झालं असतं. धाऊने फक्त वाट्या गोळा करून त्याच्या हातात दिल्या.

घरात भिंतीवर नऊ आकडे होते, प्रत्येक वेगळा, प्रत्येकाच्या शेवटी ठिपका. कमळाकरने ओल्या हातांनी हिशेब केला. नऊ दिवसांत साडेनऊ हजार किलोमीटर वारा. सरासरी ताशी चव्वेचाळीस. हवे होते अठरा.

"धाऊबाबा," तो म्हणाला, "मी ते पत्र पाठवलं नव्हतं."

त्याने वहीच्या पुठ्ठ्यातून कागद काढला. धाऊने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "काय लिवलं होतं ह्यात?"

कमळाकरने वाचलं. "भेकरवाडीचे रहिवासी श्री. धाऊ यांच्या मते..."

"माजं नाव हाय?"

"आहे."

"शिरी लावून?"

"हो."

धाऊने थोडा विचार केला. "चांगलं लिवलं होतं," तो म्हणाला आणि चूल फुंकायला वळला. कमळाकर भिंतीकडे तोंड करून आकडे उतरवत बसला. त्याला रडू येत होतं आणि आकडे चुकवायचे नव्हते.

त्याने नऊ आकडे पाठवले, पडण्याचं कारण पाठवलं, खुंट्यांचं चित्र काढून पाठवलं, आणि या वेळी धाऊचं म्हणणंही जुन्या तारखेसकट पाठवलं. दोन महिन्यांनी, भर श्रावणात, उत्तर आलं. ते हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओढा ओलांडून वाडीत गेला.

लोक धाऊच्या पडवीत जमले. बाहेर वारा असा होता, की पडवीची झड आतबाहेर होत होती. कमळाकरने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्र काढलं, उघडलं, आणि ते त्याच्या हातून सुटून थेट कोंबड्यांत गेलं. जनाने पकडून आणलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं, तर खालची बाजू वर येऊन तोंडावर आपटली. मग धाऊ उठला. एक कोपरा त्याने धरला, एक जनाने, एक पुतळाबाईने, एक जैतूने. चौघांनी पत्र ताणून धरलं आणि कमळाकर पुढे वाकून वाचू लागला.

"'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पहिल्या वर्षी पावसाळ्याच्या चौदा आठवड्यांत वाऱ्याचा वेग शून्य आढळून आला.'"

"कारण लिवलं होतं ना तुमी?" जनाने विचारलं.

"लिहिलं होतं. त्यांच्या तक्त्यात कारणाचा रकाना नाही."

"फुडं वाचा," धाऊ म्हणाला.

"'दुसऱ्या वर्षीची नोंद नऊ दिवसांची व भिंतीवरील असल्याने ग्राह्य धरता येत नाही. सबब, सदर माळावर पुरेसा वारा नाही, असा निष्कर्ष काढण्यात येत आहे.'"

"परत वाचा ते," पुतळाबाई म्हणाली. तिचा कोपरा सुटत होता, तिने दोन्ही हातांनी धरला.

"'सदर माळावर पुरेसा वारा नाही.'"

सगळे पत्राकडे बघत राहिले. ते चौघांच्या हातांत फडफडत होतं. आधी जनाला हसू फुटलं, मग जैतूला, मग सगळ्या पडवीला. धाऊ हसला नाही. त्याने वर पाहिलं. छपरापलीकडे, ढगांत, मोठ्या तारा गुणगुणत होत्या. पंचवीस घरांच्या वरून वीज मुंबईला चालली होती, रोजच्यासारखी.

"म्हंजे लाईट नाय," तो म्हणाला.

"नाही, धाऊबाबा."

"आनि खांब?"

कमळाकरने शेवटची ओळ वाचली. खांब परत नेणे परवडत नसल्याने तो कागदोपत्री बाद करण्यात येत होता. वही बंद करावी, आणि या महिनाअखेरपासून कमळाकरनेही कामावर येऊ नये. हे शेवटचं त्याने हळू वाचलं, पण पडवीत सगळ्यांनी ऐकलं. जनाने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

चहा झाल्यावर धाऊ म्हणाला, "बाद म्हंजे आपला. चला, पुतळाबाईच्या घराला आढं नाय धड."

आठ माणसांनी खांब खाली आणला, पाटी सोडवून चुलीत घातली आणि खांब पुतळाबाईच्या छपरात आढं म्हणून चढवला. आता छप्पर पुन्हा उडू नये म्हणून त्याला ताण बांधायचे होते. धाऊने कमळाकरच्या हातात दोराचं टोक दिलं आणि घराच्या दरीकडच्या अंगाला, भिंतीपासून चांगला लांब, एका कातळाशी नेऊन उभं केलं, आणि स्वतः छपरावर चढला. आता कमळाकर सरकारी माणूस नव्हता, त्याने निमूट दोर धरला.

"हा इतक्या लांब का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "भिंतीजवळच बांधला तर?"

धाऊने हातातलं काम थांबवलं. तो छपरावरून खाली उतरला, कमळाकरशेजारी ओल्या कातळावर उकिडवा बसला, आणि वारा दरीतून कसा चढतो, कुठे वळतो, छपराला कुठून उचलतो आणि दोर कुठल्या कोनात असला म्हणजे तो हरतो, हे त्याला समजेपर्यंत सांगत राहिला.